शुक्रवारची तपासणी

"फुंका, फुंका, अजून थोडं, सोडू नका!" मी ओरडत होतो आणि सुदाम नळीत फुंकत होता. मशीनमधून कागद बाहेर आला. आकडे नॉर्मल.

"झालो का पास?" घाम पुसत त्याने विचारलं.

"झालात."

"शुक्रवारी मी पासच असतो, साहेब. बुधवारी बोलवा, मग बघा गंमत."

मी हसलो. ते हसणं मला अजून विसरता आलेलं नाही.

चाकणच्या एका कारखान्यात मी मेडिकल ऑफिसर आहे. सुदाम पेंट शॉपमध्ये स्प्रे मारायचा. मूळचा लातूरकडचा, बायको-मुलीसह चऱ्होलीत राहायचा. पेंट कडक व्हावा म्हणून त्यात मिसळतात त्या हार्डनरमुळे काहींना दमा जडतो, म्हणून पेंट शॉपमधल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा ही फुंकण्याची तपासणी होते. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे त्यात कळतं.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. तपासणी शुक्रवारी सकाळी. माणसं ताजीतवानी, रिपोर्ट चांगले, एचआर खूश. ही पद्धत माझ्या आधीपासूनची होती. मी ती बदलली नाही.

पण सुदामचं बोलणं मनात राहिलं होतं. एचआर मॅनेजरांना मी विचारलं, "त्याला बुधवारी परत तपासू का?"

"आकडे नॉर्मल आहेत ना, डॉक्टर?"

"आहेत."

"मग? बुधवारी डिस्पॅच असतो. तुम्ही माणूस उचलला की माझी लाइन थांबते."

मी 'फिट' लिहून सही केली. घरी आणि कामावर रोज फुंकून आकडा लिहायचं एक छोटं यंत्र मिळतं. तसं एक माझ्या कपाटात खोक्यात पडून होतं. ते त्याच्या हातात द्यायला कोणाचीच परवानगी लागली नसती.

दोन महिन्यांनी, बुधवारी दुपारी, दोन कामगारांनी सुदामला धरून माझ्याकडे आणलं. टेबलावर हात टेकून तो वाकून बसला. एकेक शब्द तोडून बोलत होता.

"साहेब... हवा... निघंना."

त्याने नेमकं सांगितलं होतं. दम्यात श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साचतो. श्वास घेताना नळ्या थोड्या उघडतात, सोडताना दबतात. आत गेलेली हवा पुरती बाहेर येत नाही. फुप्फुसं शिळ्या हवेने फुगून राहतात आणि ताज्या हवेला जागा उरत नाही. शिवाय सगळ्या नळ्या सारख्या आवळत नाहीत. जिथे हवा पोचत नाही तिथूनही रक्त फिरतं आणि प्राणवायू न घेताच परत येतं.

मी स्टेथोस्कोप लावला. शिट्टीसारखा आवाज येईल असं वाटलं होतं. जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. नवख्याला वाटेल, छाती मोकळी झाली. पण शिट्टी वाजायलाही हवा वाहावी लागते.

ऑक्सिजन, नेब्युलायझर, इंजेक्शन, अँब्युलन्स. जे करायचं ते सगळं केलं. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत तो गेला होता.

नंतर मी त्याची फाइल काढली. तीन वर्षांचे तीन कागद, तिन्ही शुक्रवारचे. कामामुळे होणारा दमा सुट्टीत उतरतो आणि आठवडा सरत येईल तसा चढतो. हे मी कॉलेजात शिकलो होतो.

दहाव्यानंतर त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, मनीषाताईंनी, चहा ठेवला. कप पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "गुरुवारी लई चांगले असायचे, डॉक्टरसाहेब. पोरीला खांद्यावर घेऊन जिना चढायचे. मंगळवार-बुधवारी उशीला टेकून बसून झोपायचे. मला वाटायचं, तुमी तपासताय म्हणजे तुमाला ठाऊकच असंल."

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

आता तपासणी बुधवारी, शिफ्ट संपताना होते. पहिल्याच बुधवारी आणखी दोन कामगारांचे आकडे कमी आले. त्यांना पेंट शॉपमधून हलवलं. लाइन अर्धा तास थांबली, मग सुरू झाली.