चंद्रीच्या गोठ्यातली परीक्षा

सरांची आणि माझी पहिली भेट गगनबावड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. मी नोकरीत अगदी नवखा होतो. पाऊस असा की पायरीवरून समोरचा रस्ता दिसत नव्हता. एक नुकती व्यालेली गाय अंगणात आडवी पडली होती आणि मी छत्री धरून तिच्यापाशी उभा होतो, आता काय करावं याचा विचार करत. तेवढ्यात जीपमधून एक उंच गृहस्थ उतरले, थेट चिखलात बसले, गाईच्या कानाला हात लावून पाहिला आणि मान वर न करता ओरडले, "आरं, छत्री गाईवर धर की! तू काय मिठाचा हायस?" हे आमचे वरिष्ठ, डॉ. दिनकरराव सातपुते, हे मला नंतर कळलं. सरांनी शिरेतून सलाईन लावलं, गाय उठून उभी राहिली. मला सर्दी झाली, तिची चौकशी सरांनी आजतागायत केलेली नाही.

गौरवग्रंथाच्या समितीनं मला बजावलं आहे की, सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या कार्याविषयी, मूल्यांविषयी आणि स्वभावाविषयी लिहा, आणि चांगलंच लिहा. कार्याविषयी काही अडचण नाही. लाळ-खुरकताच्या लशीचा बर्फाचा डबा खांद्यावर घेऊन सरांनी शाहूवाडीतल्या डोंगरातल्या वाड्या पायी पालथ्या घातल्या. एका वाडीत एक म्हातारी गाय सोडायला तयार होईना. "इंजेक्शनानं दूध आटतंय," हे तिचं म्हणणं. सर म्हणाले, "आटलं, तर माझी म्हैस तुझ्या दारात आणून बांधतो." लस टोचल्यावर गाईला जरा कणकण आली आणि दूध खरंच कमी झालं. सरांनी टेम्पो करून घरची म्हैस त्या वाडीत नेऊन बांधली आणि गाय पूर्ववत होईपर्यंत तिथंच ठेवली. त्यानंतर वाडीतलं एकही जनावर लशीवाचून राहिलं नाही. म्हैस परत येईपर्यंत सातपुत्यांच्या घरात विकतचं दूध येत होतं, आणि हे सगळं सरांच्या पत्नींना, म्हणजे आमच्या वहिनींना, शेजारणीकडून समजलं होतं.

उपकारांविषयीही लिहितो, कारण ते विसरणं माझ्या रक्तात नाही. गगनबावड्यात मला टायफॉइड झाला तेव्हा सरांनी मला जीपमध्ये घालून कोल्हापूरला स्वतःच्या घरी आणलं. मी बरा होईपर्यंत वहिनींनी भाताची पेज करून घातली. सर सकाळ-संध्याकाळ माझा ताप बघत आणि म्हणत, "तुझ्यापरीस रेडकू बरं. त्ये निदान औषध थुकून टाकत न्हाय." मी आज धडधाकट आहे तो या दोघांमुळे.

आता मूल्यं. इथं माझा संयम सुटतो, समितीनं माफ करावं.

माणसाची खरी ओळख जनावरापाशी होते, अशी सरांची ठाम श्रद्धा आहे. आमच्याकडं मुलीला स्थळ आलं की जाणती माणसं आधी त्या घरचा गोठा बघून येतात, दावणीची जनावरं कशी आहेत ते पाहतात आणि मगच बैठक ठरवतात. पशुवैद्याला तर सगळ्यांचेच गोठे माहीत, म्हणून लोक सरांना विचारायला येऊ लागले. निवृत्तीनंतर सरांनी यात सुधारणा केली. मुलालाच घरी बोलवायचं, घरामागच्या परड्यातल्या गोठ्यात न्यायचं आणि चंद्रीसमोर उभं करायचं. चंद्री ही सरांची म्हैस. तिच्याइतकी तिरसट म्हैस पंचक्रोशीत नसेल. सर काठीला टेकून बघत उभे राहतात. मुलगा कुठं हात लावतो, आवाज चढवतो का, शेपटीचा फटका बसल्यावर शिवी देतो का. मग घरात येऊन सांगतात, "द्या," किंवा, "नको." त्या एका शब्दावर करवीर आणि शाहूवाडी तालुक्यांत किती लग्नं झाली आणि किती मोडली, हे सरांनाही सांगता येणार नाही.

अशी परीक्षा गुपित राहते होय? वरपक्षाची मंडळी खिशात गूळ घालून येऊ लागली. एक मुलगा तर आधी आठवडाभर मामाच्या गोठ्यात सराव करून आला होता. त्यानं चंद्रीला गूळ भरवला, मान खाजवली, वर तिला "आई" म्हणाला. सर गहिवरले. "द्या," म्हणाले. गूळ भरवणारा तोच हात पुढं बायकोवर उठला. हे समजताच सर मला सोबत घेऊन स्वतः गाडी करून गेले, भर चौकात त्या मुलाची कानउघाडणी केली आणि मुलीला माहेरी आणून सोडलं. येताना गाडीत मी म्हणालो, "सर, आतातरी ही परीक्षा बंद करा." तर सर म्हणाले, "चंद्रीनं त्येला शिंग दावलं हुतं. माझंच ध्यान नव्हतं." आता या माणसापुढं कुणी डोकं फोडून घ्यावं?

मी सरांपाशी अनेकदा वाद घातला आहे. बैलाचं अंग चकचकीत ठेवणारा आणि बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, त्याच्यापुढं पुरणपोळी ठेवून डोळे पुसणारा माणूस मी पाहिला आहे, आणि त्याचाच म्हातारा बाप ओसरीत खोकत पडलेलाही पाहिला आहे. मुक्या जिवाला छळणारा माणूस वाईट, हे मलाही मान्य आहे, त्यात दुमत नाही. पण मुक्या जिवावर माया करणारा माणूस चांगलाच, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? म्हैस उलट बोलत नाही. ती रुसून माहेरी जात नाही. तिच्यावर माया करणं सोपं आहे. बायको उलट बोलते, बाप चुका काढतो, आणि खरी कसोटी लागते ती तिथं.

हे सगळं मी तात्त्विक चर्चा म्हणून लिहीत नाही. माझ्या घरात आग लागली आहे.

माझी मुलगी केतकी हिनं स्वतः एक मुलगा पसंत केला. अमोल त्याचं नाव. मलकापूरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. आम्हा दोघांनाही आवडला. पण आमच्या सौभाग्यवतींची सरांवर देवाइतकी श्रद्धा. "सरांनी एकदा बघू दे," म्हणाल्या. मी नको म्हणत असताना अमोलला चंद्रीपुढं उभं केलं गेलं. तो गोठ्याच्या दारातच थांबला आणि म्हणाला, "सर, लहानपणी बेंदराच्या मिरवणुकीत मला बैलानं उडवलं होतं. मला भीती वाटते. मी जवळ जाणार नाही." इतक्या जणांत खरं बोललेला हा पहिलाच.

तेवढ्यात वहिनी चंद्रीच्या आंबोणाची, भिजवलेल्या खाद्याची, बादली घेऊन आत गेल्या. चंद्री कशाला तरी बिचकली, तिनं लाथ झाडली, बादली उलटली आणि वहिनी घसरून तिच्या पायांशीच पडल्या. मी धावेपर्यंत अमोल पोहोचला होता. पांढराफटक पडला होता, पण म्हशीच्या शिंगांपुढून जाऊन त्यानं वहिनींना उचललं आणि बाहेर आणलं. आणि सर? सर खाली वाकून चंद्रीचा खूर बघत होते, बादली लागली की काय म्हणून.

वहिनींचं उजवं मनगट मोडलं होतं. ते प्लॅस्टरमध्ये घालून आणल्यावर, त्याच संध्याकाळी, सरांनी निकाल दिला, "पोरगा सभ्य हाय, शिकलेला हाय. पर जनावराला भितोय. नको."

मी म्हणालो, "अहो सर, भीत असूनसुद्धा तो आत गेला!"

"गेला. पर म्हशीकडं बघितलंसुदिक न्हाय त्येनं."

तेव्हा वहिनी बोलल्या. इतकी वर्षं मी त्या घरात जातो, वहिनींचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "त्येनं माझ्याकडं बघितलं. तुमी म्हशीचा खूर बघत हुता. पोरीला ह्योच नवरा करा, माझा होकार हाय."

सर उठून परड्यात गेले. त्याला आता महिना होत आला. सर या विषयावर बोलत नाहीत. सौभाग्यवती म्हणतात, "सरांच्या तोंडून हो आल्याबिगर मी अक्षता टाकणार न्हाय." केतकी रोज नोकरीवरून येते आणि माझ्या तोंडाकडं बघते. मी नकारार्थी मान हलवतो, ती आत जाते. ज्या माणसानं मला मरणाच्या दारातून परत आणलं, त्याच्याशी भांडायचं कसं, आणि न भांडता या पोरीला तोंड दाखवायचं कसं, हे मला समजेनासं झालं आहे. म्हणून समितीनं गौरवासाठी दिलेल्या या पानांवर मी माझं गाऱ्हाणं मांडतो आहे. चारचौघांत मांडल्यावर तरी सरांनी ऐकावं.

सत्काराच्या दिवशी अमोल सभागृहात येणार आहे. वहिनींनीच त्याला बोलावलं आहे, त्यांना डाव्या हातानं जेवता येत नाही म्हणून तो मदतीला त्यांच्या शेजारी बसेल. सरांनी हार-तुरे घेऊन झाल्यावर व्यासपीठावरून खाली यावं आणि वहिनींना जेवायला लागेल तेवढा वेळ त्या दोघांकडं नुसतं बघत राहावं. तिथं म्हैस नसेल. माणसं असतील.

सरांना शंभर वर्षं आयुष्य लाभो, गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि आमच्यावर ओरडण्यात त्यांनी कधी काटकसर करू नये. घाई फक्त एकाच बाबतीत करावी, सर. हो म्हणायला शंभरी गाठू नये. घरी पोरगी वाट बघते आहे.