हाज्जा बतूलचं रिकामं भांडं

सित्तनाच्या हाताला चव होती, जिभेला मात्र नव्हती. नदीकाठच्या ओमदुर्मान शहरातल्या त्या जुन्या मोहल्ल्यात कुणालाही विचारा, हेच सांगेल. मुलींच्या शाळेसमोर, कडुनिंबाखाली, एकोणीस वर्षं तिने चहा विकला. साखर कमी आहे असं कुणी म्हटलं की ती मान वर न करता सांगायची, "तळाशी आहे. आधी ढवळ, मग बोल."

मग लढाई नदीच्या पलीकडून अलीकडे आली. बाजार जळला, पिठाच्या गिरण्या बंद पडल्या, आणि ज्वारी बघायलाही मिळेना. सित्तनाने आपल्या शेगड्या उचलल्या, शाळेच्या पटांगणात मांडल्या, लग्नघरचा एक मोठा हंडा मागून आणला आणि मसूर शिजत घातली. कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि कुणी अडवायला गेलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

पहिल्या दिवशी तिने रांग लावली. रांगेत आले ते फक्त ज्यांना लाज परवडत नव्हती ते. बाकीचा अर्धा मोहल्ला दारं लावून आत बसला. उपाशी राहतील, पण वाडगा घेऊन उभे राहणार नाहीत. माणसं अशीच आहेत तिथली, त्याला इलाज नाही. सित्तना चिडली, हंड्यावर डाव आपटला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने युक्ती बदलली. भांडी भरायची, वर विणलेलं रंगीत झाकण घालायचं आणि शेजारीण शेजारणीकडे काही धाडते तशी घरोघर पाठवायची. शेजारणीच्या भांड्याला नाही कोण म्हणणार?

आणि शेजारणीचं भांडं तिथे कुणी रिकामं परत करत नाही. कुणी चिमूटभर मीठ घालायचं, कुणी कांदा, कुणी वाळवून कुटलेली भेंडी. जे आलं ते सित्तना दुसऱ्या दिवशीच्या हंड्यात टाकायची. एकाचे तीन हंडे झाले ते असे.

भांडी वाहायचं काम जादल्लाचं. त्याच्याकडे गाढवगाडी होती आणि गाढवाचं नाव त्याने वजीर ठेवलं होतं, कारण ते खायचं आणि जागचं हलायचं नाही.

बुधवारी मदत संस्थेच्या इख्लासबाई आल्या. सडपातळ, उन्हाने रापलेल्या, दोन रात्री ट्रकमध्ये काढलेल्या. त्या म्हणाल्या, "सित्तना, रस्ता उघडलाय. किती दिवस उघडा राहील ते देव जाणे. तुझ्या घरांचा आकडा दे, तेवढ्यांचं महिनाभराचं धान्य उतरवते. उद्या दुपारच्या नमाजापर्यंत. त्यानंतर ट्रक पुढच्या मोहल्ल्याला जातील."

"खोटा आकडा नाही देणार मी," सित्तना म्हणाली.

"म्हणून तर तुझ्याकडे आले."

त्या संध्याकाळी सित्तना जादल्लाला घेऊन यादी करायला बसली. ज्या घरातून भांड्यात रोज काही ना काही येतं, त्या घरात अजून आहे. तिथलं नाव काढायचं, म्हणजे खऱ्या गरजूला मिळेल. हिशोब सरळ होता. हज करून आलेल्या म्हाताऱ्या हाज्जा बतूलचं नाव आलं तेव्हा जादल्ला म्हणाला, "तिचं भांडं तर एकदाही रिकामं आलं नाही."

"मग काढ," सित्तना म्हणाली. "सुईण बाई, जन्मभर लोकांनी दिलंय तिला. असेल कोठीत."

आकडा झाला दोनशे चाळीस. तसा निरोप रात्रीच इख्लासबाईंना गेला. सित्तना समाधानाने झोपली, आणि तेच चुकलं तिचं.

गुरुवारी सकाळी जादल्लाने आदल्या दिवशीची भांडी उतरवली. हाज्जा बतूलच्या भांड्यावरचं झाकण सित्तनाने उचललं. आत चंदनाचा तुकडा होता, करंगळीएवढा, जुन्या रेशमी चिंधीत गुंडाळलेला.

सित्तनाने तो लगेच ओळखला. लढाईच्या आधी हाज्जाने एकदा पेटी उघडून तिला दाखवला होता. "हे माझ्या कफनाचं, बरं का. कुणाच्या लग्नात जाळू देऊ नकोस."

तिने मनाशी एकेक दिवस मागे मोजला. आधी भेंडी आली होती. मग कांदे, मग मीठ. गेल्या आठवड्यात मेंदी आली, तेव्हा हंड्यापाशी मदतीला येणाऱ्या बायका हसल्या होत्या, म्हातारीला नटायचं सुचतंय म्हणून. बाई एकेक डबा झाडून देत होती, आणि इथे तिचं नाव खोडलं गेलं होतं.

"मी गाढव आहे," सित्तना म्हणाली.

"वजीरला राग येईल," जादल्ला म्हणाला. पण तिचा चेहरा बघून तो गाडी जोडायला गेला.

हाज्जा बतूल अंगणातल्या दोरीच्या खाटेवर पडली होती. आतल्या खोलीत तिच्या भाचीचं कुटुंब होतं, नदीपलीकडून पळून आलेलं. नऊ माणसं. ती आली आहेत हे मोहल्ल्यात कुणाला माहीत नव्हतं.

"मावशी, कोठीत काय आहे?" सित्तनाने उभ्याउभ्याच विचारलं.

"तुला काय करायचंय माझ्या कोठीशी? आल्यासारखी बस. पाणी घे."

"दहा माणसं एका भांड्यावर जगताहेत आणि तू वर मला मेंदी पाठवतेस?"

"मग भांडं रिकामं पाठवू?" म्हातारी कोपरावर उठली. "या हातांनी अख्खा मोहल्ला जगात आणला. तुझी आई तर दोन दिवस अडली होती, तूच आडवी आली होतीस, तेव्हापासून आडवीच आहेस. आणि मी रिकामं भांडं पाठवायचं?"

"मी तुझं नाव काढलं यादीतून," सित्तना म्हणाली. "भांड्यात काहीतरी येतंय म्हणून."

हाज्जा परत खाटेवर टेकली. मग हळूच म्हणाली, "बरं केलंस. ज्यांना नाही त्यांना मिळू दे."

सित्तनाला रडू आलं, आणि रडू आल्याचा तिला भयंकर राग आला. ती खाटेपाशी उकिडवी बसली. "ऐक. तुझ्यासारखी किती घरं मी खोडली ते मला माहीत नाही. झाकणाखाली चिमूटभर मीठ घालून किती बाया आत मरताहेत तेही माहीत नाही. मी विचारलं तर एकही खरं सांगणार नाही. दुपारच्या आत खरा आकडा दिला नाही तर ट्रक पुढे जातील. माझं कुणी ऐकणार नाही, मी चहावाली. तुझं ऐकतील."

"काय करू म्हणतेस?"

"हे तुझं भांडं घे. रिकामं. झाकण न घालता. आणि माझ्याबरोबर गल्लीगल्लीतून चल."

म्हातारीने खाटेवरून पाय खाली सोडले. शेवटी म्हणाली, "माझा चांगला तोब दे त्या खुंटीवरचा. जायचंच तर नीट जाऊ."

मोहल्ल्याने ते पाहिलं. गाढवगाडीत हाज्जा बतूल ताठ बसलेली, साडीसारखा अंगभर गुंडाळलेला निळा तोब, मांडीवर उघडं रिकामं भांडं. नशिबाने त्या दिवशी वजीरही चालला. प्रत्येक दारापुढे हाज्जा थांबायची आणि हाक मारायची, "माझ्या घरात काही उरलं नाही. तुझ्या घरात आहे का? खरं बोल, तुझी नाळ मी कापलीय."

पहिल्या गल्लीत सगळ्या दारांना कड्याच राहिल्या. दुसऱ्या गल्लीत निवृत्त पोस्टमास्तरची बायको बाहेर आली. खाली मान घालून तिने आपलं भांडं गाडीत ठेवलं. रिकामं होतं. तिच्यामागून तिची शेजारीण आली, मग समोरची. मग दारं उघडतच गेली.

नमाजाच्या बांगेला सित्तना पटांगणात पोचली तेव्हा इख्लासबाई ट्रकजवळ उभ्या होत्या. "सहाशे बारा," सित्तना म्हणाली.

"काल निरोपात दोनशे चाळीस होते. एका रात्रीत? सित्तना, मला वर जाब द्यावा लागतो."

"काल मी चुकले. जाब माझ्या नावावर टाका. पण आधी हे बघा."

जादल्लाने आणि बायकांनी भांडी शाळेच्या भिंतीपासून फाटकापर्यंत मांडली होती. ॲल्युमिनियमची, पत्र्याची, एक चिनी मातीचं. प्रत्येकावर कोळशाने घराचं नाव. इख्लासबाई शेवटपर्यंत चालत गेल्या, मोजत मोजत. परत आल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "दुसरा ट्रकही इथेच लाव."

त्या दिवशी सात हंडे चढले. हाज्जा बतूलच्या घरी दोन भांडी गेली. एकाच्या झाकणाखाली सित्तनाने चंदनाचा तुकडा ठेवून दिला आणि निरोप धाडला, "हे पेटीत ठेव. इतक्यात लागणार नाही."

शुक्रवारी सकाळी जादल्ला दोन्ही भांडी घेऊन परत आला. सित्तनाने झाकणं उचलली. रिकामी होती, राखेने घासून लख्ख केलेली.

"काही म्हणाली का?" तिने विचारलं.

जादल्ला दोन पावलं मागे सरकला. "म्हणाली, मसुरीत मीठ कमी होतं."

सित्तनाने डाव बाजूला ठेवला. मिठाची पिशवी ओढली आणि सातही हंड्यांत एकेक मूठ टाकली.