मावशीचं कवटीवालं हेल्मेट

“डोळे!” अशी हाक आली की घोडपदेवच्या आमच्या चाळीमागच्या चौकात जो कोणी असेल तो मुकाट्याने भिंतीकडे तोंड करायचा. कपडे वाळत घालणाऱ्या बायका, कॅरमवाले, बनियनवर पेपर वाचत बसलेले काका, सगळे. हाक देणारी शालनमावशी तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीच्या दाराशी पाटावर बसलेली असे. वय पासष्टीच्या पुढे. अंगावर सुती साडी, तिच्यावर नवऱ्याचा जाड खाकी शर्ट, हातांत चामड्याचे मोजे आणि चेहऱ्याच्या जागी दात विचकणारी कवटी. मग तडतड आवाज व्हायचा, भिंतीवर निळा उजेड नाचायचा आणि थोड्या वेळाने कवटीच्या आतून “झालं, बघा आता” असं ऐकू यायचं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. आज आठवतं तेव्हा मात्र थक्क व्हायला होतं, की एवढी विलक्षण गोष्ट आम्ही रोजची म्हणून पाहत होतो.

मावशी नात्याने माझी कोणी नव्हे. ती माझ्या आईची मैत्रीण, दोघी मालवणकडच्या, दोघी लग्न होऊन एकाच वर्षी या चाळीत आलेल्या. तिची सगळी नोकरी परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर गेली. त्या खिडकीने तिला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक म्हणजे मोजकं बोलणं, आणि दुसरी म्हणजे समोरच्या माणसाचं नेमकं काय दुखतंय ते तो सांगायच्या आत ओळखणं. निवृत्त झाल्यावर तिच्या लक्षात आलं की दुसऱ्या मजल्यावरच्या भागीरथीकाकू दुपारनंतर पाणी पीत नाहीत. काकूंचे गुडघे वाकत नव्हते आणि चाळीतले सामायिक संडास उकिडवं बसायचे. बाजारातली कमोडची खुर्ची आणून पाहिली होती, पण जागा इतकी अरुंद की ती आत ठेवली तर दार लागेना. “बसता येत नाही म्हणून माणसाने तहानेलं राहायचं?” मावशी म्हणाली, आणि पदर खोचून संडासाचं माप घ्यायला गेली.

तिचा नवरा सदूकाका गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडल्यावर तो घरीच खिडक्यांच्या जाळ्या करायचा आणि त्याचे पाइप धरायला मावशी असायची. काका वेल्डिंग करताना एका हातात काळी काच धरायचा, आणि छोटा टाका असेल तर तेवढीही नाही, नुसते डोळे मिटून घ्यायचा. मग संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळत पडायचा आणि मावशी त्याच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची. काका गेला, यंत्र राहिलं. त्याच्यावर मावशीने काकूंची खुर्ची केली. पाय जरा वाकडे आले, पण दार लागलं. काकू त्या दिवशी तांब्याभर पाणी प्यायल्या आणि बातमी शेजारच्या चाळीत गेली.

गोष्ट इथेच संपली असती तर मी ती सांगत बसलो नसतो. मावशीचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता. उजव्यात सकाळ-संध्याकाळ थेंब घालून तो कसाबसा राखलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हे वेल्डिंगचं खूळ बंद करा. आईने तर काही दिवस तिच्याशी बोलणं सोडलं. मी मोबाइलवर काचबिंदूची माहिती वाचून दाखवायला गेलो. मावशीने ती शांतपणे शेवटपर्यंत ऐकली.

“हा डोळा किती वर्षं राहील ते डॉक्टर सांगू शकतात?” तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. “मग तो असेपर्यंत काय नुसता सिरीयल बघायला ठेवू? उलट एकच आहे म्हणून त्याला चांगलं घर पाहिजे. रविवारी येतोस का माझ्याबरोबर नागदेवीला?”

घर म्हणजे हेल्मेट. काकाचं जुनं हेल्मेट होतं, पण त्याची काच कायमची काळी. ठिणगी पडेपर्यंत त्यातून काही दिसत नाही. आधी जागा धरायची, मग मान झटकून ते तोंडावर पाडायचं आणि अंदाजाने टाका घालायचा. दोन डोळ्यांच्या माणसाला ते जमतं. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही, त्यामुळे मावशीचा हात दरवेळी सांध्याच्या बाजूला पडायचा. तिला हवं होतं ते आपोआप काळं होणारं. एरवी काच उघडी, आतून सगळं दिसतं, आणि ठिणगी पडताक्षणी ती आपली आपण काळी होते.

नागदेवीच्या हार्डवेअरच्या गल्लीतल्या त्या दुकानदाराने आधी माझ्याकडेच पाहून बोलायला सुरुवात केली. मावशीने काउंटरवर दोन बोटं आपटली, केसपेपरच्या खिडकीवर आपटायची तशी. “भैया, पेशंट मैं हूँ.” पुढे तासभर त्या माणसाने दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. मावशीने पिशवीतून गॅसचा लायटर काढला आणि एकेक हेल्मेट घालून त्याच्या कपाळावरच्या बारीक काळ्या टिकल्यांसमोर तो पेटवून पाहिला. या टिकल्या म्हणजे त्याचे डोळे. त्यांना उजेड दिसला की काच काळी होते. दोन टिकल्यांची तिने बाजूला सारली. खुर्चीच्या पायांमध्ये वाकून टाका घालताना एखादी टिकली पाइपाआड जाते, म्हणून तिला चार हव्या होत्या. मग पिशवीतून औषधाची पट्टी काढून काचेतून बारीक अक्षरं वाचली. काही काचा शेवाळल्या पाण्यासारख्या हिरव्या होत्या, त्या गेल्या. घासकामासाठी काच उघडीच ठेवणारं एक बटण असतं. ते बाहेरच्या अंगाला असलेलं हेल्मेट तिने हातातही घेतलं नाही, कारण बाहेरचं बटण नकळत दाबलं जातं आणि आपल्याला वाटतं काच काळी होईल. मागचा पट्टा अंबाड्यात रुतत होता, तर तिने दुकानातच अंबाडा सोडून वेणी घातली आणि पुन्हा घालून पाहिलं.

सगळ्या परीक्षांत पास झालेलं हेल्मेट एकच निघालं, आणि त्याच्यावर ही भली मोठी पांढरी कवटी छापलेली होती. दुकानदार ओशाळून म्हणाला, हे कॉलेजची मुलं घेतात, साधं मागवून देतो. मावशीने कवटीकडे थोडा वेळ पाहिलं. “असू दे,” ती म्हणाली, “बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं ते त्याचं तो बघेल. मी आत आहे.”

तेव्हापासून काम सुरू करण्यापूर्वी, दर वेळी, ती लायटर पेटवून हेल्मेटला विचारून घ्यायची. विचारणं हा तिचाच शब्द. “काल चाललं म्हणून आज चालेल असं कोणी सांगितलंय?” असं ती म्हणे. मला तिच्या हाताखाली शिकताना याचा कंटाळा यायचा. मी दर रविवारी तिच्याकडे जाऊ लागलो होतो. परळच्या काचेच्या इमारतीत आठवडाभर ईमेल लिहिणाऱ्या माणसाला तो पाइप कापायचा वास बरा वाटायचा.

मग एका दसऱ्याला मावशीने रीतीप्रमाणे हत्यारांची पूजा केली. यंत्र, ग्राइंडर, हातोडी, कानस, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. हेल्मेटचीही पाळी आली. ओल्या बोटाने तिने त्याच्या चारही टिकल्यांवर हळदकुंकू लावलं, मनोभावे, कारण तिच्या लेखी तेच त्याचे डोळे होते. कवटीला झेंडूची माळ घातली. मी फोटोही काढला. दुसऱ्या दिवशी कामाला बसताना तिने माळ उतरवली, हेल्मेट घातलं आणि लायटर पेटवला. काच काळी झाली नाही. पुन्हा पेटवला. तरी नाही. हेल्मेट काढून तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हातातला लायटर हळूच खाली ठेवला. वाळलेल्या कुंकवाखाली चारही डोळे बंद होते.

“मीच बुजवले रे त्याचे,” ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. न विचारता ठिणगी पाडली असती तर तो सगळा लखलखाट त्या उरलेल्या डोळ्यासमोर उघडा आला असता. तिने ओल्या फडक्याने टिकल्या पुसल्या, पुन्हा विचारलं, होकार मिळाला आणि काम सुरू केलं. झालेली चूक तिने लपवली नाही; संध्याकाळी पाण्याच्या नळावर स्वतःच सगळ्यांना सांगितली. पुढच्या दसऱ्यापासून कुंकू कवटीच्या कपाळावर लागू लागलं.

मावशी आता नाही. शेवटची दोन-अडीच वर्षं तिला जवळजवळ काही दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले की वेल्डिंगने काही बिघडलं नाही, दुखणंच आपल्या वाटेने गेलं. घोडपदेव-भायखळ्याच्या कितीतरी चाळींत तिच्या खुर्च्या आजही आहेत. मला तिच्याबद्दल काय वाटतं ते सांगायचं तर एकच शब्द सुचतो, आदर. आणि तोही तोकडा पडतो. तो खुर्च्यांसाठी आहेच, पण त्याहून जास्त एका दुपारसाठी आहे.

माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती माहीमला बहिणीकडे राहिली होती आणि घरी यायला खुर्चीची वाट पाहत होती. मावशीने मापं घेतली, पाइप कापले. हेल्मेटला विचारलं, त्याने बरोबर उत्तर दिलं. काच वेळेवर काळी झाली, उजेड योग्य होता, कुठे काही चुकलं नाही. खुर्ची उभी राहिली, चार पायांवर, एकदम सरळ. मी रंगाचा डबा उघडायला घेतला.

मावशीने डावा मोजा काढला. पाइप गार व्हायची वाट पाहिली आणि अंगठा एकेका सांध्यावरून फिरवला. हे ती केव्हापासून करत होती मला ठाऊक नाही; त्या दुपारी मला कळलं की बरेच महिने करत असली पाहिजे. तिसऱ्या पायाशी अंगठा थांबला. मागे गेला, पुन्हा आला. वेल्डिंगची सुबक रेघ सांध्याला अगदी लागून, पण सांध्याच्या बाहेर पडली होती. पाइप टोकाशी नुसता चिकटला होता.

मी म्हटलं, मावशी, एकच तर आहे, मी मारतो तिथे टाका, कोणाला कळणार पण नाही.

“ह्यावर कुसुम बसली असती,” ती म्हणाली. कुसुम म्हणजे माझी आई. तिचा उजवा डोळा माझ्याकडे होता, पण तो मला पाहतोय की माझ्या आवाजाच्या दिशेला पाहतोय ते मला सांगता आलं नसतं. तिने ग्राइंडर मागितला. मी तो दिला, आणि तिने हाताने चाचपून ती खुर्ची चारही पायांशी कापली, चांगले सांधेसुद्धा. रडली नाही, घाईही केली नाही. तुकडे एकावर एक रचले, दुसराही मोजा काढून जोडी त्यांच्यावर ठेवली.

“आता तू बस इथे,” पाटावरून उठत ती मला म्हणाली. “आणि आईला फोन कर मेल्या. सांग, खुर्चीला दोन दिवस उशीर होईल.”