पांढरी पाच

शाळेची पेटी बिघडली की ती घेऊन मी सांगलीला पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांच्या दुकानात जायचो आणि तासभर तिथंच रमायचो. मिलिटरीच्या बँडातून ते पेन्शनीत आलेले. उतरलेला सूर त्यांना सोसायचा नाही. रस्त्यानं वरात गेली तरी कपाळाला आठी घालून म्हणायचे, "सनई लय खाली हाय, मास्तर."

त्यांच्याकडं एकच तबकडी होती. परदेशातल्या चर्चमधलं समूहगान, संथ, प्रार्थनेसारखं. शब्द आम्हा दोघांनाही कळायचे नाहीत. प्लेअरचं रबरी चाक झिजल्यामुळं ती हळू फिरायची, आणि काळी चारमधलं गाणं पांढरी पाचवर, म्हणजे अर्धा सूर खाली, उतरायचं. हे त्यांनीच मला पेटीवर दाखवलं होतं. असला माणूस हे चालवून कसं घेतो, याचं मला नवल वाटायचं.

एकदा मी पुण्याहून नवं चाक आणलं. त्यांनी ते बसवलं. आवाज उजळले, गाणं झपझप चालू लागलं. पहिलं कडवं संपायच्या आत त्यांनी सुई उचलली.

"चुकलं का काही?" मी विचारलं.

"न्हाई. आता बरूबर हाय." मग आतल्या दाराकडं बघत म्हणाले, "आमची मंडळी चुलीम्होरं ह्येच्यासंगं गुणगुणायची. पांढरी पाचातच. जाऊन दोन वर्सं झाली तिला. ही गाणारी समदी आता वर गेली, मास्तर. ती खालीच ऱ्हायली."

नवं चाक त्यांनी कागदात गुंडाळून मला परत दिलं. झिजलेलं बसवलं, सुई टेकवली, आणि भाता मारत पेटीची पांढरी पाच दाबून धरली. गाणं संपेपर्यंत त्यांनी बोट उचललं नाही.