कोंबड्या गेल्या, गाय राहिली

गावाबाहेरच्या पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाल्याचं कळलं, त्याच्या आदल्याच दिवशी मी आमच्या परसातल्या मेलेल्या कोंबड्या हातानं उचलून पुरल्या होत्या. आरोग्यसेविका घरोघरी विचारत आली तेव्हा मी खरं ते सांगितलं आणि अडकले. "ताई, आता घरातच राहा. ताप येतोय का बघावं लागेल," असं म्हणून तिनं गोळ्या दिल्या. नवरा वाशिंदच्या कारखान्यात कामाला होता. त्यालाही सध्या कामावर येऊ नकोस, घरीच राहा म्हणून कारखान्यातून फोन आला. उरलेल्या कोंबड्या अंगभर पांढरा पोशाख घातलेली माणसं घेऊन गेली. घरात राहिलो आम्ही दोघं, सासरे, मांजर, आणि गोठ्यात गाय-वासरू.

दूध वाशिंदच्या नव्या बिल्डिंगींमध्ये जायचं, नवराच कामावर जाताना टाकायचा. तिथल्या बाईंचा फोन आला, "राग मानू नका, पण घरात लहान बाळ आहे." मी कसला राग मानणार? परदेशातल्या गाईंना हाच रोग झाल्याचा व्हिडिओ नवऱ्यानं मला दाखवला होता. त्या गाईंचं दूध घट्ट, पिवळट झालं होतं. ते कच्चं दूध पिऊन मांजरं मेली होती.

दोनच दिवसांनी सकाळी धार काढताना गाईनं लाथ झाडली. बादलीत बघते तर दुधात पिवळट गुठळ्या. सासऱ्यांना रोज धारोष्ण दूध लागायचं. आदल्या संध्याकाळी ते प्यायलेही होते. आताही लोटा घेऊन दारात उभे.

"आज नाय, बाबा."

"अगो, जन्मभर पितोय. मला काय झालं?"

"तरी नाय देणार." मी त्यांच्या हातातून लोटा काढून घेतला. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं. ते ओटीवर जाऊन बसले, दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मांजर मी कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली कोंडलं.

फोन केल्यावर जनावरांचे डॉक्टर आले, मास्क-हातमोजे घालूनच. त्यांनी कास चाचपली. "एक बाजू कडक झालीय, गरम लागतेय. कास सुजून दगडी झालेली वाटतेय मला. गाईंना बर्ड फ्लू झाल्याचं आपल्याकडे मी तरी ऐकलेलं नाही. पण तुमच्याकडे कोंबड्या मेल्यात, म्हणून दुधाचा नमुना पाठवतो."

"उकळलं तर चालेल ना?" मी विचारलं.

"चांगल्या गाईचं दूध उकळूनच प्या. उकळल्यावर विषाणू मरतो. पण आजारी गाईचं नकोच. वासरालाही नको. उकळा आणि खड्ड्यात ओता."

मग रोज तेच. तोंड बांधून धार काढायची, दूध चुलीवर उकळायचं, खड्ड्यात ओतून यायचं. घरभर दुधाचा वास आणि आम्ही कोरा चहा पीत बसलेले. वासरू आईकडे ओढ घेऊन हंबरायचं. त्याला दुकानातली पावडर कालवून पाजायची. शेजारीण कुंपणापाशी गवताचा भारा टाकून मागे न बघता जायची. एकदा नवरा जेवताना खोकला. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ताटात बघितलं. पुढे खोकला वाढला नाही.

शेवटी डॉक्टरांचा फोन आला. दुधात बर्ड फ्लू नव्हता, दगडीच होती. मलाही ताप आला नाही. औषधानं गाय सुधारली, पण एक सड कायमचा आटला. सासरे आता उकळलेलं दूध पितात, चव गेली म्हणून रोज कुरकुरतात. बिल्डिंगीतली काही घरं पुन्हा दूध घ्यायला लागली, काहींना पिशवीच्या दुधाची सवय लागली.

बाहेर पडायची मोकळीक मिळाली त्या दिवशी मी गाय ओढ्याकाठी चरायला नेली. समोरून गावातलीच एक बाई शेळ्या घेऊन येत होती. मला बघून तिनं शेळ्या पलीकडे वळवल्या.

"रिपोर्ट चांगला आला गो!" मी ओरडून सांगितलं.

"ऐकला मी," ती म्हणाली, आणि ओढ्यात उतरून पलीकडच्या वाटेला लागली.