माझं वेगळं ताट

भर हॉटेलात मी माझं उष्टं ताट उचललं आणि धुवायला निघाले.

हसा. मीही हसते आता. पण तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली बाई होते. अंगावर ठेवणीतलं पातळ, डोक्याला चोपून तेल, आणि हातात ते जड, काळं, चौकोनी ताट. ताट चौकोनी कशाला असतं, ते मला अजून कळलेलं नाय. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन मी विचारलं, "भाऊ, मोरी कुठंय?"

उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत, बंगल्याच्या खालच्या मजल्यावर ते नवीन उघडलं होतं. हॉटेल म्हणायचं नाय म्हणे, रेस्टॉरंट. आठ-दहा टेबलं, भर दुपारी पिवळे दिवे, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात गाणं. भाकरी तिथंही ज्वारीचीच, पण शंकरपाळ्यासारखी कापून पंख्यागत मांडलेली. माझ्या लेकीला कंपनीत नोकरी लागली, पहिला पगार झाला, आणि ती म्हणाली, माय, तू जन्मभर लोकांना वाढलंस, एकदा तुला कुणीतरी वाढू दे. रविवार होता. मी लई आढेवेढे घेतले. खरं सांगते, आठ दिवस आधीपासून वस्तीभर सांगत फिरत होते.

जेवण झालं. लेक हात धुवायला गेली. आणि माझे हातपाय आपोआप चालू लागले. जेवलं की उठायचं, ताट घासायचं, पालथं घालायचं. अकरा वर्षं मी हेच करत होते.

कुठं, ते सांगते. त्याच भागात एका डॉक्टरच्या घरी मी भाकऱ्या करायची. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी मला एक ताट, एक वाटी, एक कप दिला. ह्या भांड्यांची जागा मागच्या गॅलरीत, झाडूच्या वरच्या फळीवर. माझ्या हातची भाकरी त्यांच्या पोटात जायची, माझ्या तोंडाला लागलेलं ताट मात्र त्यांच्या मांडणीत जात नव्हतं. आणि मी काय करायची? टँकरच्या रांगेत मिरवायची. बाईंनी मला स्वतंत्र ताट दिलंय, दुसरं कुणी हात लावत नाय त्याला. घरात भिंतीवर निळ्या कोटातल्या बाबांची तसबीर, रोज तिच्यासमोर मेणबत्ती, आणि ही येडी स्वतःच्या विटाळाला मान समजून बसलेली. लेक तेव्हा वसतिगृहात शिकत होती. तिच्यापाशी मात्र ह्या ताटाचं कधी बोलले नाय. म्हणजे आत कुठंतरी मला ठाऊक होतं.

पण बाईंच्या मागच्या अंगणात बोअर होतं. खरी गोष्ट ती.

दुष्काळाची सालं. फुलंब्रीकडच्या आमच्या गावात विहिरी आटल्या म्हणून आम्ही शहरात आलो, तर शहरातल्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय. नव्या बिल्डिंगी तेवढ्या उगवत होत्या. बांधकामाला टँकर रोज, आमच्या नाल्याकाठच्या वस्तीला कधीमधी. शहराचं नाव पुढं बदललं, नळ नाय बदलला. आणि घरात सासू. कमरेतून गेलेली, सगळं अंथरुणात. तिला रोज पुसलं नाय तर पाठीची सालटी निघायची. भाकऱ्या झाल्या की बोअरवरून एक हंडा, एक कळशी न्यायची मला परवानगी होती. त्या पाण्यावर म्हातारी जगत होती.

तर, मोरी कुठंय म्हणाले. वाढपी गोंधळला. राहू द्या मावशी, आम्ही नेतो, म्हणाला. मी ताट सोडेना. कुणीतरी फिसकन हसलं. आणि कोपऱ्यातल्या टेबलावरून ओळखीचा आवाज आला. त्याच बाई. सोबत डॉक्टर, आणि वेरूळ बघायला पुण्याहून आलेली दोन माणसं.

"असू दे, धुऊ दे तिला," बाई वाढप्याला म्हणाल्या. "सवय आहे. आमच्याकडे तिचं ताट वेगळंच असतं."

रागानं नाय. लाडानं. घरच्या मांजराची खोड सांगावी तसं. वर मला म्हणाल्या, धुऊन झालं की इकडं ये, पाहुण्यांना तुझ्या भाकरीचंच सांगत होते.

माझ्या तोंडून गेलं, "व्हय बाई."

गेलं. लपवत नाय. दोन पावलं मी मोरीकडं टाकलीसुद्धा. मग लेक दिसली. ओले हात तसेच, भिंतीशी उभी. सगळं ऐकलेलं. ती बाईंकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावर राग असता तर मी सोसला असता. लाज होती. माझी.

मी वळले. कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेले आणि माझं उष्टं ताट त्यांच्या वाट्यांच्या मधोमध ठेवलं. एका पाहुण्यानं खुर्ची मागं सरकवली.

"बाई, मी इथं जेवायला आलेय."

एवढंच. आवाजही फाटका निघाला. परत येऊन आमच्या जागेवर बसले. लेकीनं काहीतरी गोड मागवलं. काय होतं ते आठवत नाय. उद्या पाण्याचं काय, एवढंच डोक्यात.

शूर वाटले ना? थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला न सांगता मी हंडा-कळशी घेऊन त्याच दारात उभी. रोजच्यापेक्षा लवकर. बाई रागावल्या नव्हत्या. झालं ते मी विसरले म्हणाल्या, भाकऱ्या टाक, पाणी भर. आणि गॅलरीकडं हात केला, "चहा ओतलाय तुझ्या कपात."

कप फळीवर होता. झाडूपाशी. चहावर साय धरलेली. त्या कपाचा कान तुटलेला होता, आणि ते अकरा वर्षांत मला पहिल्यांदा दिसलं.

मी म्हणाले, "तुम्ही पिता त्या कपात द्या. नायतर नको."

बाई तडक अंगणात गेल्या. बोअरच्या मोटारीचं बटण ज्या पेटीत होतं तिला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि आत निघून गेल्या. दार लोटून घेतलं.

रिकामा हंडा वस्तीतल्या बायांना दिसू नये म्हणून मी नाल्यानाल्यानं घरी आले. लेक कामावर गेलेली. सासू जागी. खोलीत वास भरलेला. माठाच्या तळाशी तांब्याभर पाणी. ते प्यायला ठेवू, का तिला पुसू? मी तिथंच मटकन बसले. ताटापासून कपापर्यंत सगळं तिला सांगून टाकलं. सासूला मी आत्या म्हणायची. म्हणाले, आत्या, चुकलं माझं, दुपारी जाऊन बाईंच्या पाया पडते.

म्हातारीनं कूस बदलायला बघितलं, जमलं नाय. पत्र्याकडं बघत म्हणाली, "मला दोन दिसाआड पूस. तेवढंबी नसलं तर नको पुसू. पर त्या दारात कळशी घिऊन पुन्यांदा उभी ऱ्हाऊ नको."