रुद्राणीच्या दुकानातली दृष्ट

गंगाखेडात गाडीला गाणं बसवायचं असेल तर लोक रुद्राणीकडे जातात, आणि बसवून झालं की गाडी दोनदा तपासून घेतात. कारण ही बाई कधी काय करून ठेवील याचा नेम नाही. पैसे कमी करा म्हणून अर्धा दिवस हुज्जत घालणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत तिने मागे घेताना वाजणाऱ्या भोंग्यात आपल्या सासूचा आवाज भरून दिला होता. रिव्हर्स टाकला की बसम्मा खेकसायची, "आरं, डोळे हायत का बटनं?" तो माणूस भांडायला आला आणि भोंगा तसाच ठेवून गेला. म्हणाला, असू द्या, या आवाजाने गल्लीतली पोरं आपोआप बाजूला होतात.

रुद्राणी मूळची चारठाण्याची. भावाचं तिथे टेप दुरुस्तीचं दुकान होतं. भाऊ सांगतो, मी तिला शिकवलं. ती सांगते, त्याने बिघडवलेले टेप नीट करता करता मी शिकले. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याचं, शिवकांतचं, सीट कव्हरचं दुकान होतं. तिने त्यात आधी स्पीकर घुसवले, मग अँप्लिफायर, आणि मग शिवकांतला हळूच कोपऱ्यात शिलाई मशीनपाशी नेऊन बसवलं. तो तिथे सुखात आहे.

जागा मात्र सासूच्या नावावर. बसम्मा कपाळाला भस्माचे पट्टे ओढून सकाळीच दुकानाच्या दारात खुर्ची टाकायची. पुढ्यात लिंबं, मिरच्या, बिब्बे. दुकानातून निघालेली कोणतीही गाडी तिने लिंबू-मिरची बांधल्याशिवाय रस्त्याला लागायची नाही. पूर्वी ती दोऱ्यात ओवायची, पण आमच्या रस्त्यांवर दोरा टिकतो होय? पहिल्याच खड्ड्यात लिंबू एकीकडे, मिरच्या दुसरीकडे. मग तिने स्लॅबचे गज बांधायची बारीक लोखंडी तार आणली, आणि सुनेची पक्कड घेऊन असे पिळे मारू लागली की लिंबू सुकेल पण सुटणार नाही.

अशात बन्सीधर आपली जीप घेऊन आला. ऊसवाला शेतकरी, आवाज मुळातच मोठा, आणि जीपचा त्याहून मोठा पाहिजे म्हणून हट्ट. रुद्राणीने मन लावून काम केलं. ड्रायव्हरच्या सीटखाली अँप्लिफायर, बॅटरीपासून तिथपर्यंत जाड लाल वायर, आणि बॅटरीपाशी फ्यूज. गडबड झाली की वायर जळायच्या आधी हा बिचारा स्वतः जळतो, एवढंच त्याचं काम. गाणं लावलं तर पलीकडच्या हॉटेलातल्या बश्या थरथरल्या. बन्सीधर खूश झाला आणि बसम्माला म्हणाला, "काकू, लिंबू बंपरला नका बांधू. लोकायची नजर मशीनवर हाय, मशीनलाच बांधा."

ही मागणी बसम्माला एकदम पटली. ती सीटखाली वाकली आणि तिने पिळे मारले.

दुसऱ्या दिवशी बन्सीधर परत. फ्यूज उडालेला. "गाणं रंगात आलं की बंद पडायलंय," तो म्हणाला, "अन् वर घशात ठसका." रुद्राणीने फ्यूज बदलला, जीप दुपारभर उभ्याने वाजवली, काही झालं नाही. गावाकडे निघाला की फ्यूज उडाला. मग तिने स्पीकर एकेक करून सोडवले, स्पीकरच्या वायरी हाताने चाचपल्या, अँप्लिफायरच दुसरा बसवून पाहिला. दुकानात सगळं शहाण्यासारखं वागायचं, आणि रस्त्यावर गेलं की अंगात यायचं.

"त्यापरीस फ्यूजच्या जागी तारच टाका ना," बन्सीधरने सुचवलं.

"टाकते की. मग फ्यूज न्हाई, जीप जळंल. तुमच्यासकट."

बसम्माचं निदान पहिल्या दिवसापासून तयार होतं. दृष्ट लागलेली वस्तू दुकानात घ्यायची नाही, म्हणून जीप आली की ती रस्त्यावरच जुनं लिंबू काढायची, तिठ्यावर नेऊन टाकायची, आणि जीप निघताना नवं बांधायची. काढलेल्या मिरच्या काळ्या ठिक्कर. त्या ती येणाऱ्याजाणाऱ्याला लांबूनच दाखवायची, "बघा, किती कडक नजर हाय. मिरच्या जळून गेल्या."

बन्सीधरचा आवाज मुळात मोठा, त्यामुळे बाजारभर झालं की रुद्राणीच्या कामाला काही दम नाही. गिऱ्हाइकं बाहेरूनच डोकावून जाऊ लागली. तेव्हा बसम्माने सुनेला समोर बसवून सांगितलं, "आता ही गाडी पुन्हा परत आली, तर जागा महांतेशला. त्याला मोबाइलचं दुकान टाकायचंय. लय दिवसांपासून मागायलाय." महांतेश म्हणजे तिचा भाचा.

रुद्राणी हसली नाही, हे शिवकांतने शिलाई थांबवून पाहिलं. ती घाबरली होती. दुकान गेलं तर तिला स्वयंपाकघर होतंच, पण स्वयंपाकघरात पाना-पकडीला काम नसतं आणि तिच्या चेष्टा ऐकायला गिऱ्हाईक नसतं. त्या कळकट, तेलकट जागेवर तिचा जीव होता.

या खेपेला जीप द्यायची वेळ आली तेव्हा तिने फ्यूज बसवलाच नाही. त्याच्या जागी दोन लांब वायरी जोडून हेडलाइटचा जुना बल्ब लावला आणि तो खिडकीतून आत घेतला. बसम्माने शेवटचा पिळा मारला तशी रुद्राणी बन्सीधरच्या शेजारी जाऊन बसली.

"चला, मी बी येते. गाणं बंद ठेवा. हा बल्ब पेटला म्हणजे वीज भलतीकडं पळाली."

रेल्वे फाटकापर्यंत बल्ब मेलेला. फाटकाचा खड्डा आला, जीप दाणकन आपटली, आणि बल्ब भसकन पेटून विझला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा. रुद्राणीने जीप थांबवली, बन्सीधरला खाली उतरवलं आणि सीटखाली डोकं घातलं.

बसम्माची तार लाल वायरला जिथे वेढली होती तिथे पिळ्याने रबर बारीकसं कापून आतल्या तांब्याला भिडली होती. खाली लिंबू-मिरची मजेत झुलत होती. प्रत्येक हिसक्याला तारेचं टोक सीटच्या लोखंडाला टेकायचं आणि बॅटरीतली सगळी वीज मिरच्यांतल्या तारेतून आरपार. मिरच्या भाजणार, फ्यूज उडणार, बन्सीधर खोकणार. आणि जीप दुकानात घेण्याआधी ही तार रोज सासूच्याच हाताने निघत होती. रोज गाड्यांवर लिंबं पाहून रुद्राणीची नजर इतकी सरावली होती की तिने संशय सगळ्यांवर घेतला, या लिंबाकडे मात्र पाहिलंही नाही. ती रस्त्याच्या कडेला बसली आणि पोट धरून हसली.

"काकूनंच केलं व्हय?" बन्सीधर म्हणाला. "आता सांगतोच बाजारात."

"सांगा की. मग मशीनला लिंबू बांधा म्हणून कोण म्हणलं, ते मी सांगते."

बन्सीधरने तोंड मिटलं. ते आयुष्यात फार वेळा मिटलेलं नव्हतं.

तिने तार काढली, कापलेल्या जागी पट्टी गुंडाळली, फ्यूज बसवला. येताना त्याच फाटकातून गाणं फुल सोडून जीप दोनदा आपटली. फ्यूज शाबूत.

दुकानाशी आल्यावर बसम्माने विचारलं, "काय निघालं?" शिवकांत, हॉटेलवाला, दोन गिऱ्हाइकं, सगळे कान लावून उभे. सासूला तोंडघशी पाडायची अशी संधी सुनेला जन्मात एकदाच मिळते. रुद्राणीच्या जिभेवर वाक्य आलंही होतं, पण सासू पुढ्यातली लिंबं उगाच पुन्हा पुन्हा मोजताना तिला दिसली. आपण घाबरलो होतो तशीच ही घाबरली आहे, हे तिला लख्ख कळलं.

"दृष्ट नव्हतीच, आत्याबाई," ती म्हणाली. "मिरच्या जळून ठसका लागला तर दृष्ट न्हाई, हे तुमीच सांगता की. ह्यायला रोज ठसका लागायलाय. सीटचा एक नट ढिल्ला हुता, आवळला."

लोक पांगले. बसम्माने जीपच्या सीटखाली वाकून पाहिलं. मग तिने सुनेला जवळ बोलावलं.

"नट ढिल्ला हुता तर मग माझी तार कुठं हाय?"

रुद्राणीने ओच्यातून वेटोळं काढून तिच्या हातावर ठेवलं. बसम्माने जळकं टोक अंगठ्याने चाचपलं, सुनेकडे पाहिलं, आणि महांतेशला फोन लावला.

"जागेचं जमणार न्हाई बाबा," ती म्हणाली. "दुकानात मलाच अजून लय शिकायचंय."